बाबांची तिरकी टोपी

ब्रिस्बेन, ३ ऑगस्ट १९८६

प्रिय क्लॅरी,

रॉसलिनच्या लग्नाचे फोटो काल टपालाने आले. माझा पाय प्लास्टरमध्ये नसता तर तुझ्या लेकीच्या लग्नात मीच सगळ्यात पुढे बसले असते, पण ते राहू दे. नवरी छान दिसते आहे. नवरा जरा भांबावलेला दिसतो, तेही बरंच आहे. हे पत्र मात्र मी तुझ्याबद्दल लिहिते आहे.

चर्चच्या पायरीवर तू टोपी काढून उभा आहेस. कित्येक वर्षांत तुझा टोपीविना फोटो मी पाहिला नव्हता. तुझ्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, नाकाच्या कडेला, काहीतरी चमकतंय. आधी वाटलं, फोटोवरच डाग पडलाय. नखाने खरवडून पाहिला, निघेना. मग भिंग आणलं. भिजलेल्या साबुदाण्याएवढं आहे आणि दिसतंही तसंच. ते काय आहे, कधीपासून आहे, दुखतं का, रक्त येतं का, एवढं कळव. चारही प्रश्नांची उत्तरं हवीत. चाळीस वर्षं वह्या तपासल्या आहेत मी, कोरी सोडलेली जागा माझ्या नजरेतून सुटत नाही.

फोन करू नकोस. एक्स्चेंजवर थेल्मा बसलेली असते आणि आपलं बोलणं दुपारच्या चहापर्यंत अख्ख्या पेलिकन क्रीकला पाठ होतं.

तुझी थोरली बहीण,
नोला

पेलिकन क्रीक, २० ऑगस्ट १९८६

प्रिय हेडबाई,

पुळी आहे. तीन हिवाळे झाले असतील. दुखत नाही. टॉवेलने जोरात तोंड पुसलं की रक्त येतं, खपली धरते, आठवड्याने पडते, पुन्हा येतं. झाली चार उत्तरं. किती गुण?

अगं, गळीत हंगाम ऐन भरात आहे. ऊस पेटवायचा, तोडायचा, शिळा व्हायच्या आत कारखान्याच्या गाडीवर चढवायचा. इथे जेवायला फुरसत नाही आणि मी आरशापुढे बसून नाक न्याहाळू? ऑक्टोबरात क्रिकेट सुरू होईल, म्हणजे दर शनिवारी अंपायरचा पांढरा कोट चढवून उभं राहायचं. माझ्याशिवाय या गावाला अंपायर नाही. दुसरा फक्त सेस रडकिन, आणि तो स्वतःच्या जावयाला कधीच बाद देत नाही.

उन्हाचं म्हणशील तर टोपी असतेच की. बाबांचीच टोपी, अजून टिकलीय. बाबांसारखीच डाव्या कानावर ओढून घालतो. मैदानात शिरलो की म्हातारे अजून म्हणतात, "आला बघा टॉम डनलिव्हीचा पोरगा!" एकसष्टाव्या वर्षी पोरगा म्हणवून घ्यायचं सुख तुला नाही कळायचं.

पाय जप. म्हातारपणी लॉन बोलिंगचे गोळे टाकत हिरवळीवर पळायला कुणी सांगितलं होतं?

क्लॅरी

ब्रिस्बेन, २६ ऑगस्ट १९८६

प्रिय क्लॅरी,

गुण शून्य. "पुळी" हे उत्तर चूक आहे. पुळी तीन हिवाळे राहत नाही.

माझ्या पायाच्या डॉक्टरांना तुझा फोटो दाखवला. ते म्हणाले, "बाई, फोटोवरून निदान करत नसतात. पण माझा भाऊ असता तर याच आठवड्यात पाठवला असता." मग मी त्यांना अर्धा तास सोडलं नाही. ऐक. कातडीच्या सगळ्यात खालच्या थरात ज्या पेशी असतात, त्यांचा हा कॅन्सर असावा. बेसल सेल म्हणतात त्याला. कॅन्सर म्हटलं म्हणून खुर्चीतून पडू नकोस. हा सहसा फुप्फुसात किंवा यकृतात जाऊन बसत नाही. बसल्या जागीच खातो, आणि सावकाश खातो. जुने लोक याला उंदराचं कुरतडणं म्हणत ते त्याचमुळे. मोत्यासारखी चमक, वरून धाग्यासारख्या लाल शिरा, रक्त, खपली, पुन्हा रक्त, ही त्याची लक्षणं. वर्षानुवर्षं उन्हात काढलेल्या गोऱ्या कातडीला तो होतो. म्हणजे आपल्या सबंध गावाला.

तुझा बसलाय डोळ्याच्या कोपऱ्यात. तिथे कातडी कागदासारखी, आणि तिच्या मागे लगेच डोळ्याची खोबण. आत शिरला तर डोळा काढावा लागतो, क्लॅरी. हे मी घाबरवायला लिहीत नाही. डॉक्टरांनी ज्या शब्दांत सांगितलं त्याच शब्दांत लिहिते आहे.

तुमच्या दवाखान्यात डॉ. पप्पास नावाची नवी डॉक्टरीण आली आहे असं रॉसलिन सांगत होती. तिच्याकडे जा. ती जागा बधिर करून टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा काढेल आणि तपासायला पाठवेल. एवढंच. अंपायरने संशयाचा फायदा फलंदाजाला द्यावा, गाठीला नाही.

नोला

पेलिकन क्रीक, ५ ऑक्टोबर १९८६

प्रिय हेडबाई,

उत्तराला उशीर झाला, पण बातमी अशी आहे की तू नाचशील (प्लास्टर निघालं असेल तर). पुळी गेली! जागा गुळगुळीत आहे, नव्या कातडीसारखी गुलाबी. तुझ्या डॉक्टरीणबाईंची पायरीसुद्धा चढलो नाही. ती एवढी तरुण आहे की माझे बूट तिच्याहून वयाने मोठे असतील.

औषध कुठलं, विचार. आपल्या दारातलं! पाण्याच्या टाकीखालच्या ओलीत आईने लावलेलं तण. देठ मोडला की पांढरा चीक येतो, तो काडेपेटीच्या काडीने पुळीवर लावायचा. पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ. आग आग झाली, डोळा सुजून बंद झाला, एक थेंब आत गेला तेव्हा तर दोन दिवस माझी आंधळी कोशिंबीर चालली होती. पण मग मोठी खपली धरली आणि पडली. आत साफ.

मला आधीच आठवायला हवं होतं. बाबांचा कान आईने असाच तर बरा केला होता, तुझ्या डोळ्यांदेखत. अजूनही लोक त्या तणासाठी माझ्याकडे येतात. गेल्या रविवारी सेस काडेपेटी घेऊन आला होता, त्याच्या ओठावर काहीतरी उठलंय. म्हणाला, "क्लॅरी, तुझी आई म्हणजे या गावातली एकमेव खरी डॉक्टर." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

क्लॅरी

ब्रिस्बेन, १२ ऑक्टोबर १९८६

प्रिय क्लॅरी,

तरीही डॉ. पप्पासकडे जा. खपली पडली म्हणजे रोग गेला असं नाही. सेसलाही पाठव, आणि आता कुणालाही ते तण देऊ नकोस.

का, ते विचारू नकोस. मी सांगते म्हणून जा.

नोला

पेलिकन क्रीक, १४ डिसेंबर १९८६

प्रिय नोला,

दोन महिने मुद्दामच लिहिलं नाही, राग आला होता. मी काही तुझ्या तिसरीच्या वर्गात नाही, "मी सांगते म्हणून" ऐकायला. आईच्या तणाने अख्खा गाव बरा झाला आणि तू शहरात राहून त्याला नावं ठेवतेस. कारण असेल तर लिही. नसेल तर नाताळच्या केकचं लिही.

बाकी ठीक. ऊस नोव्हेंबरातच संपला, उतारा बरा पडला. काल मात्र मैदानात फजिती झाली. बेकरीवाला विल्फ खेळत होता, चेंडू पॅडवर लागला, अपील झालं, मी बोट वर केलं. नंतर सगळेच म्हणाले की चेंडू यष्टीच्या हातभर बाहेर होता. आज पावाच्या दुकानात विल्फने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्याचं काय झालं, उजव्या डोळ्यातून सारखं पाणी येतं. उसाच्या राखेने होत असणार. जुन्या जागी जरा घट्ट लागतं हाताला, कातडीखाली हरभरा ठेवल्यासारखं. व्रण आहे तो, दुसरं काय.

क्लॅरी

ब्रिस्बेन, १८ डिसेंबर १९८६

प्रिय क्लॅरी,

ऊस नोव्हेंबरात संपला असं लिहितोस आणि तीन ओळींनंतर उसाची राख डोळ्यात घालतोस. राख कुठली रे, डिसेंबरात? तुझं तुलाच पटलेलं नाही.

तुला कारण हवं होतं. ते मी ऑक्टोबरातच द्यायला हवं होतं. लिहायला बसले होते, आणि आईचा चेहरा समोर आला. दोन महिने मी तुझ्या डोळ्यापेक्षा तिची अब्रू मोठी मानली. त्याची शरम वाटते. आता बसून वाच.

बाबांचा कान बरा झाला नव्हता.

तू तेव्हा पार उत्तरेला, तिकडच्या आखाताजवळ गुरं राखायच्या छावणीवर होतास, वर्षातून एकदा यायचास. आईने चीक लावला, खपली पडली, आत गुलाबी कातडी आली. अगदी तुझ्यासारखीच. आईने सगळ्या गावाला दाखवलं आणि त्या दिवसापासून लोक काडेपेट्या घेऊन दारात येऊ लागले. दीड वर्षाने त्या गुलाबी कातडीखाली टणक लागायला लागलं. आईने पुन्हा चीक लावला. पुन्हा बरं दिसलं. असं चार वेळा झालं. दर वेळी वरून बुजत होतं आणि खाली पसरत होतं. शेवटी कानाची पाळी गेली, मग वरचा अर्धा कान गेला.

मी म्हटलं, बाबा, बंडाबर्गला चला, रेडियमचे किरण देतात, कापून काढतात. तर म्हणाले, "नोला, मी डॉक्टरकडे गेलो तर तुझ्या आईने गावात तोंड कसं दाखवायचं? अर्धा कान गेला तर गेला, मला ऐकू येतं." आणि टोपी डाव्या बाजूला ओढली. त्यानंतर माणसांसमोर त्यांनी ती टोपी कधी काढली नाही. जेवताना नाही, प्रार्थनेला नाही. पाद्रीबाबा चिडायचे, पण बाबा ढिम्म.

ती ऐट नव्हती, क्लॅरी. तू सुट्टीवर आलास, त्यांना तसं बघितलंस आणि म्हणालास, "वा बाबा, काय रुबाब!" बाबा हसले. रात्रभर खुश होते. दुसऱ्या दिवशी तूही तुझी टोपी तशीच ओढलीस. मी दारात उभी राहून बघत होते आणि गप्प राहिले.

ते न्यूमोनियाने गेले नाहीत. कानामागच्या हाडापर्यंत पोचलं होतं, तिथे पू झाला, ताप मेंदूत चढला. नद्यांना पूर होता, तू नऊ दिवसांनी पोचलास. शवपेटी बंद का केली, असं तू विचारलंस, आई म्हणाली उन्हाळा आहे म्हणून. त्यांना मी आंघोळ घातली होती. आईने बायबलवर हात ठेवून माझ्याकडून वचन घेतलं. तिला वाटायचं, आपणच मारलं त्यांना. पण तण मात्र तिने उपटलं नाही. उपटलं असतं तर कबूल केल्यासारखं झालं असतं.

अठ्ठावीस वर्षं मी ते वचन पाळलं. आज मोडते आहे. एकाला त्या चिकाने घालवलं, दुसऱ्याला मी घालवू देणार नाही. या आठवड्यात डॉ. पप्पासकडे जा. नाही गेलास तर मी येईन, आणि थेल्माला स्वतः फोन करून हे पत्र वाचून दाखवीन.

नोला

पेलिकन क्रीक, ३ जानेवारी १९८७

नोला,

पत्र मिळालं. मला नऊ दिवस उशीर झाला होता, तू तो उशीर अठ्ठावीस वर्षांचा केलास.

सोमवारी दवाखान्यात जातोय.

क्लॅरी

पेलिकन क्रीक, २२ जानेवारी १९८७

प्रिय नोला,

निकाल आला. तू म्हणालीस तोच आहे. पण साधा, गाठीचा प्रकार नाही. मुळ्या सोडणारा आहे.

डॉ. पप्पास पोरगी दिसते, पण बापाचा टोमॅटोचा मळा आहे, शेतकऱ्याशी कसं बोलावं ते तिला कळतं. मी विचारलं, "चिकाने गेला होता ना?" तर म्हणाली, "मिस्टर डनलिव्ही, तुम्ही ऊस पेटवता. रान काळं होतं, वर काही राहत नाही. मग पुढच्या वर्षी खोडवा कुठून येतो?" अठ्ठावीस वर्षं खोडव्याचं पीक घेतोय आणि मला हे एका पोरीने सांगावं लागलं! चिकाने वरचं वर जाळलं, बुडखा जमिनीत तसाच, आणि वरून व्रणाची कातडी धरल्यामुळे तो कुणाला दिसेना. "चीक लावला नसता तर निदान तुम्हाला रक्त तरी दिसत राहिलं असतं," म्हणाली.

गोठवून चालणार नाही, खरवडूनही नाही, कारण कडा कुठवर आहेत ते वरून कळत नाही. ब्रिस्बेनला डॉ. हेसल म्हणून आहेत. जागा बधिर करून ते पातळ थर काढतात, त्याचा नकाशा करतात आणि आपण बसलेले असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. जिथे रोग उरला असेल तेवढ्याच जागी पुन्हा काढायचं. कडा स्वच्छ येईपर्यंत. खोबणीत शिरला असेल तर मात्र डोळ्याचा निर्णय वेगळा. सही आधीच घेतली आहे माझी.

दहा फेब्रुवारी, सकाळी आठ. तुझ्याकडे उतरेन. आधीच सांगून ठेवतो, सकाळी तुझी ती ओटमीलची लापशी मला नको.

राग अजून आहे. पण तो घेऊन येतो, तिथेच भांडू.

क्लॅरी

ब्रिस्बेन, २६ जानेवारी १९८७

प्रिय क्लॅरी,

लापशीच मिळेल. खोली झाडून ठेवली आहे. भांडायला मी तयार आहे, पण दहा तारखेनंतर. त्याआधी तुझा रक्तदाब वाढायला नको.

एक विनंती. येताना बाबांची टोपी आण.

नोला

पेलिकन क्रीक, ८ मार्च १९८७

प्रिय नोला,

सुखरूप पोचलो. टाके निघाले त्या दिवशी तू विचारलंस, आत काय झालं ते सांग, आणि मी चहाचं काहीतरी बोललो. बोलता येत नव्हतं. लिहिता येतंय.

पहिला थर काढला, पट्टी बांधून बाहेर बसवलं, तेव्हा तू समोर टोपी मांडीवर घेऊन बसली होतीस. एका तासाने पुन्हा आत. डॉ. हेसल म्हणाले, नाकाकडची कड स्वच्छ, डोळ्याकडची नाही. दुसरा थर. पुन्हा बाहेर. तू मला सँडविच दिलंस, मी खाल्लं, त्यात काय होतं ते आठवत नाही. तिसऱ्यांदा आत गेलो तेव्हा ते म्हणाले, "क्लॅरेन्स, अजून एक पातळ थर घेतो. याच्या खाली हाडावरचं आवरण आहे. इथे स्वच्छ आलं नाही तर आज थांबू आणि डोळ्याच्या सर्जनला बोलावू." बाहेर आलो तेव्हा तुला म्हटलं, "चाललंय." खोटं बोललो. आपल्या घरात ती कला सगळ्यांनाच येते.

तो एक तास मी फक्त टोपीकडे बघत होतो. डावीकडची कड झिजून मऊ झालीय, आधी बाबांच्या बोटांनी, मग माझ्या. ती डावीकडे ओढायची म्हणजे उजवी बाजू उघडी. तिसेक उन्हाळे मी बाबांसारखं दिसायला उजवा गाल सूर्याला दिला. त्यांना झाकायचं होतं, मी मिरवलं. मला रडू आलं ते पट्टीमुळे तुला दिसलं नाही, आणि एवढ्याच गोष्टीसाठी मी त्या पट्टीचा आभारी आहे.

मग डॉक्टर स्वतः बाहेर आले. स्वच्छ, म्हणाले. सगळ्या बाजूंनी. पुढचं तुला माहीत आहेच, तू त्यांचा हात इतका वेळ सोडला नाहीस की त्यांना दुसरा रोगी बघायला उशीर झाला. ठिगळाची कातडी माझ्या डाव्या कानामागून घेतली. बाबांचा तो कान गेला, माझ्या त्याच कानाने डोळा वाचवला. मी त्याला हात लावून बघतो अधूनमधून.

आता काल काय झालं ते. हंगामातला शेवटचा सामना होता. डॉ. पप्पासने दोन तास उभं राहायची परवानगी दिली, नाकावर जस्ताचा पांढरा लेप थापून. मी कोट घातला, खुंटीवरची टोपी काढली आणि सरळ घातली. अगदी सरळ, भुवयांपर्यंत. आरशात कुणीतरी परका माणूस दिसला.

मैदानात पाऊल टाकलं तोच सेस ओरडला, "अरे, हे काय! टॉम डनलिव्हीची ऐट कुठे गेली?" सगळे हसले. पण चहाच्या वेळी, सगळ्या बायका लॅमिंग्टन केक मांडत होत्या, थेल्मासुद्धा होती, तेव्हा मी उभा राहिलो आणि टोपी काढली. ठिगळ दाखवलं. मग बाबांच्या कानाचं सांगितलं. पहिल्यापासून. अर्धा कान, बंद पेटी, सगळं. आईबद्दल एवढंच म्हणालो की तिने जे केलं ते जीव लावून केलं, आणि तिला दुसरं माहीत नव्हतं; आपल्याला माहीत आहे. तुला राग येईल, येऊ दे. थेल्माने आज अख्ख्या जिल्ह्यात पोचवलं असेल, आणि पहिल्यांदाच मला तिचं कौतुक वाटतंय.

सेस खाली मान घालून ओठ चाचपत होता. मी म्हटलं, "किती वेळा चीक लावलास?" म्हणाला, "तीनदा." "बरं झालं?" तर म्हणे, "तीनदा." मग विल्फ उठला, मला वाटलं निघून चालला, पण तो माझ्यासाठी दुसरा कप भरून घेऊन आला. म्हणाला, "तो चेंडू बाहेरच होता हं, क्लॅरी." मी म्हटलं, "हातभर बाहेर. चुकलो." एवढ्यावर मिटलं.

आज सकाळी टाकीखालचं तण मी उपटलं. मुळासकट, कुदळीने. हातमोजे घालून. जाळलं मात्र नाही, पोत्यात भरून कचऱ्याच्या खड्ड्यात पुरलं. जाळून काय होतं ते शिकलोय मी. तिथे पुदिना लावतोय, तुझ्या कोकराच्या रश्शाला होईल. ईस्टरला ये. भांडण शिल्लक आहे, तेही इथेच करू.

पत्र इथेच थांबवतो. उद्या सेसला घेऊन डॉ. पप्पासकडे जायचंय. "मी एकटा जाईन," म्हणत होता, पण तो वाटेतूनच परत फिरेल हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून गाडी मीच चालवणार आहे, दोन्ही डोळ्यांनी.

तुझा,
क्लॅरी